दाते मोजून घेतलेली टियाग्रा

रोड बाईकचे गिअर बदलायचे म्हटलं की आपल्याकडे चर्चा नावांपासून सुरू होते. क्लॅरिसवरून सोरावर जाऊ की थेट १०५ घेऊ? अल्टेग्रा सेकंडहँड मिळाली तर? शिमानो या जपानी कंपनीने रोड ग्रुपसेटची (गिअर-ब्रेकच्या सगळ्या भागांच्या संचाची) उतरंडच तशी रचली आहे: खाली आठ गिअरची क्लॅरिस, मग नऊची सोरा, दहाची टियाग्रा, त्यावर १०५, अल्टेग्रा आणि सगळ्यात वर ड्यूरा-एस. पायरी चढलं की बहुतेक वेळा मागे गिअर वाढतात आणि खिसा हलका होतो. माझं म्हणणं एवढंच की ही नावं जरा बाजूला ठेवा आणि प्रत्येक कॅसेटवरचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचावरचे, दाते वाचा. कोणत्या चक्राला किती दाते आहेत, हे ओळीने कागदावर लिहा. वाढलेला गिअर नेमका कुठे बसलाय ते दिसलं की निम्मा निर्णय झालेला असतो.

मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते, त्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन बसायची सवय आहे. वय पन्नाशीच्या पुढे, वजन ५८ किलो, हात लहान. सायकल अ‍ॅल्युमिनियमची, रिम ब्रेकची, सेकंडहँड घेतलेली. तिच्यावर क्लॅरिस २४०० होती: पुढे ५०-३४ (५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रं), मागे ११-२८ ची (११ ते २८ दात्यांची) आठ गिअरची कॅसेट. ती काढून टियाग्रा ४७०० बसवली. एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा त्यावर चालवून झाल्यावर हे लिहितेय. माझे रस्ते म्हणजे यवतेश्वरचा घाट आणि पुढे कास, सज्जनगड, पाचवड-वाईवरून पसरणी घाटाने पाचगणी, आणि जोर असेल त्या रविवारी मेढ्यावरून केळघरच्या घाटाने महाबळेश्वर. अधूनमधून २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत संपवायची. रेस नाही, कोणाशी स्पर्धा नाही. तेव्हा ज्यांना मैदानावर ताशी ४० ने पळायचं आहे त्यांनी माझं मत जरा बेतानेच घ्यावं.

आधी चढाचा हिशोब. मी, सायकल, दोन बाटल्या, पंक्चरचं सामान असं सगळं मिळून ७० किलो धरा. सात टक्के चढावर ताशी ८ किलोमीटरने जायचं तर नुसती उंची चढायलाच साधारण १०७ वॉट लागतात. टायरचं घर्षण, वारा वेगळे. माझ्यासारखीला घाटभर टिकवता येईल असा हा आकडा आहे, याहून फार वर नाही. आता २५ मिलिमीटरच्या टायरचा घेर साधारण २१०५ मिलिमीटर. पुढे ३४ आणि मागे २८ असताना ताशी ८ ला मिनिटाला ५२ फेरे पडतात. मागे ३४ लावलं की तेवढ्याच वेगाला ६३. काम तेवढंच, पण दर फेऱ्याला गुडघ्यावर येणारा जोर जवळपास १८ टक्क्यांनी कमी. ५२ फेऱ्यांवर तासभर चढलं की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा बोलतो. ६३ वर फक्त दम लागतो. दम पाच मिनिटांत परत येतो.

म्हणून मला मागे ३४ हवं होतं. ते ऐकून गॅरेजमधला पोरगा म्हणाला, "मॅडम, एवढी मोठी कॅसेट? ही एमटीबीला, डोंगरातल्या सायकलला लावतात." आपल्याकडे मोठ्या चक्राला अजून कमीपणा चिकटलेला आहे. २५ वर सिंहगड चढलो हे लोक अभिमानाने सांगतात. त्यांच्यासाठी एक माहिती: शिमानोची सगळ्यात महाग ड्यूरा-एस ९२०० ची कॅसेटसुद्धा ११-३० आणि ११-३४ मध्ये मिळते. जे पोटासाठी आल्प्स चढतात त्यांना ३४ ची लाज वाटत नाही, तर आपण शनिवार-रविवारवाल्यांनी का वाटून घ्यावी?

आता दात्यांच्या ओळी. माझी जुनी आठची कॅसेट: ११-१३-१५-१७-१९-२१-२४-२८. टियाग्राबरोबर चालणारी दहाची ११-३४: ११-१३-१५-१७-१९-२१-२३-२६-३०-३४. नीट बघा. पहिली सहा चक्रं तंतोतंत तीच. सगळा बदल शेवटाकडे आहे, म्हणजे चढाकडे. आठमध्ये २४ वरून २८ वर जाताना जवळपास १७ टक्क्यांची उडी होती. दहामध्ये २६ वरून ३० ची उडी १५ टक्क्यांची, ३० वरून ३४ ची १३ ची. म्हणजे पट्टा लांबला आणि पायऱ्याही बारीक झाल्या. दोन गिअर वाढल्याचा पैसा पुरेपूर वसूल.

मधली सोरा बघा. नऊची ११-३४ अशी येते: ११-१३-१५-१७-२०-२३-२६-३०-३४. घाटातला भाग टियाग्रासारखाच, २३ पासून पुढे एकही दाता इकडचा तिकडे नाही. फरक मध्यभागी: टियाग्रात १७ नंतर १९, २१, २३ आणि सोरात १७ नंतर थेट २०, मग २३. घाटात हे जाणवत नाही. जाणवतं ते हायवेवर, लिंब खिंड ओलांडून पाचवडकडे जाताना वारा आडवा लागतो तेव्हा. १७ जड पडतंय आणि २० वर पाय नुसतेच गरगरताहेत, अशी ती जागा आहे. तिथे १९ असणं हे सुख आहे. पण सुखच, गरज नाही. बजेट ताणून टियाग्रा घेत असाल तर सोरा ११-३४ घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर घ्या.

वर गेलं की गंमत वाढते. अकराची, म्हणजे मागच्या पिढीच्या १०५ ची ११-३४: ११-१३-१५-१७-१९-२१-२३-२५-२७-३०-३४. दहामधल्या २६ च्या जागी २५ आणि २७. बस, एवढंच. बाराची, नव्या १०५ ची ११-३४: ११-१२-१३-१४-१५-१७-१९-२१-२४-२७-३०-३४. इथे १२ आणि १४ घुसले, आणि त्यांना जागा करून देताना २३-२५-२७ चं २४-२७ झालं. म्हणजे बारावा गिअर आला तो जोरात पळणाऱ्यांसाठी, घोळक्यात ताशी ४०-४५ ने जाताना कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) नेमका करणाऱ्यांसाठी. चढाच्या बाजूला उलट एक पायरी कमीच झाली. हे कळल्यावर माझा १०५ चा मोह गेला तो गेलाच.

इथे एक प्रामाणिक मुद्दा. सगळा ग्रुपसेट बदलायची गरज होतीच का? आठमध्ये ११-३२ ची कॅसेट मिळते: ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२. क्लॅरिस २४०० चा लांब पिंजऱ्याचा मागचा डिरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), ज्याच्या कोडमागे जीएस असतं, तो ३२ पर्यंत चालतो. एक कॅसेट, एक चेन, लागला तर एक डिरेल्युअर, आणि विषय संपला. ज्यांचे जुने लिव्हर (हँडलवरचे ब्रेक-गिअरचे दांडे) ठणठणीत आहेत त्यांना मी हेच सांगते, आणि तीन-चार जणांना सांगून बसवायला लावलंही आहे. आठची चेन जाडजूड, स्वस्त, खेड्यातल्या दुकानातही मिळते. माझे लिव्हर मात्र थकले होते. आतलं ग्रीस घट्ट होऊन सकाळच्या थंडीत खटका पकडतच नसे. एकदा फवारा मारून धुऊन घेतले, महिनाभर चालले, पुन्हा तेच. लिव्हर बदलायचेच आहेत म्हटल्यावर मग पुढचा विचार सुरू झाला.

आणि त्या विचारात दहावर थांबायचं सगळ्यात मोठं कारण लिव्हर नव्हतं, मागचं चाक होतं. ही गोष्ट दुकानदार शेवटी सांगतात, बिल करताना. कॅसेट ज्या नळकांड्यावर सरकते तो फ्रीहब बॉडी आठ, नऊ आणि दहा गिअरसाठी एकाच लांबीचा असतो. रोडच्या अकरासाठी शिमानोने तो १.८५ मिलिमीटरने लांब केला. तुमच्या जुन्या चाकावर अकराची नेहमीची कॅसेट बसत नाही. नवा हब किंवा नवं चाकच घ्यावं लागतं. अपवाद एकच, अकराची ११-३४: तिचं मोठं चक्र स्पोकच्या बाजूला बाहेर काढलेलं असल्यामुळे ती जुन्या लांबीवरही बसते, आणि नव्या हबवर बसवायची तर मागे १.८५ ची चकती टाकावी लागते. म्हणजे माझ्यासारखीला ११-३४ च हवी असेल तर अकरा गिअरची वाटही मोकळी होती. पण तिथे मिळणार काय, तर २६ ऐवजी २५ आणि २७. त्यासाठी १०५ ची किंमत? नको.

बाराचं तर दारच बंद होतं. नवी १०५, म्हणजे आर-७१०० मालिका, आधी २०२२ मध्ये बॅटरीवर चालणारी डीआय-टू म्हणून आली आणि २०२३ मध्ये केबलवाली आली. दोन्ही फक्त हायड्रॉलिक डिस्क ब्रेकसाठी. रिम ब्रेकवाल्यांना त्यात जागा नाही. फ्रेमच बदलायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

आता लिव्हर. हात लहान असणाऱ्यांनी, आणि यात बायकाच येतात असं नाही, ग्रुपसेट फोटोवरून निवडू नये. दुकानात जा, हुडवर, म्हणजे लिव्हरच्या रबरी मुठीवर, तळवा ठेवा आणि दोन बोटांनी ब्रेक ओढून बघा. मग हँडलच्या खालच्या वळणावर हात नेऊन तेच करा. उतारावर तिथेच हात असणार आहे. टियाग्रा ४७०० च्या लिव्हरमध्ये अंतर कमी-जास्त करायचा स्क्रू आहे. तो आत घेतला की ब्रेकचं पातं हँडलकडे सरकतं. सरकवल्यावर ब्रेकची केबल पुन्हा ताणून घ्यावी लागते, नाहीतर पातं हँडलला टेकेपर्यंत ब्रेक लागतच नाही. मी तो स्क्रू जवळपास पूर्ण आत घेतला आहे, आणि पसरणीच्या उतारावर पहिल्यांदाच माझी बोटं पात्याच्या टोकाला न लटकता मधोमध बसली. माझ्या दृष्टीने या ग्रुपसेटचा सगळ्यात मोठा गुण हाच. डिस्क ब्रेकवाल्यांसाठी तर शिमानोने लहान हातांचे वेगळे लिव्हर काढले आहेत: टियाग्रात एसटी-४७२५ आणि अकराच्या १०५ मध्ये एसटी-आर-७०२५. मागितल्याशिवाय ते कोणी दाखवत नाही, म्हणून कोड लिहून न्या.

लिव्हरची जात कोणती, हाही प्रश्न आहेच. गिअर पूर्वी फ्रेमच्या खालच्या नळीवर असत, एक हात सोडून खाली वाकावं लागे. शिमानोने १९८४ मध्ये ड्यूरा-एस ७४०० बरोबर खटक्याचे गिअर आणले आणि १९९० मध्ये तेच ब्रेकच्या लिव्हरमध्ये बसवले. तेव्हापासून शिमानोची पद्धत ठरलेली: अख्खं ब्रेकचं पातं आत ढकललं की चेन मोठ्या चक्रावर, त्यामागची छोटी पट्टी ढकलली की लहान चक्रावर. कॅम्पाग्नोलो या दुसऱ्या कंपनीच्या लिव्हरमध्ये पात्यामागे एक पट्टी आणि आतल्या बाजूला अंगठ्याचं बटण. स्रॅम या तिसऱ्या कंपनीच्या केबलवाल्या लिव्हरमध्ये ब्रेकचं पातं बाजूला हलतच नाही. मागे एकच पट्टी, थोडी ढकलली तर एक काम, लांब ढकलली तर दुसरं. मैत्रिणीच्या सायकलवर स्रॅम चालवून पाहिली. लहान हाताला ती खरं तर सोपी आहे, कारण ब्रेक ओढता ओढता चुकून गिअर पडत नाही. पण साताऱ्यात तिचा एकही सुटा भाग मला मिळाला नाही. शिमानोची दहाची चेन मात्र माझ्या नेहमीच्या दुकानात भिंतीवर टांगलेली असते. पुण्या-मुंबईत राहत असाल तर हा मुद्दा सोडून द्या.

स्वस्तातल्या मूळ शिमानोच्या सायकलींवर, विशेषतः सात गिअरच्या टूर्नीवर, लहान चक्राकडे जाण्यासाठी हुडच्या आतल्या बाजूला अंगठ्याचा खटका असतो. हात खालच्या वळणावर असताना अंगठा तिथपर्यंत पोचत नाही. नवी सायकल घेताना बाकी सगळं सारखं असेल तर फक्त या एका कारणासाठी क्लॅरिसवाली घ्या.

बसवण्याचं काम मिस्त्रीकडून करून घेतलं, शेजारी स्टूल टाकून बसले. दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली: टियाग्रा ४७०० चे लिव्हर केबल किती ओढतात ते माप आधीच्या दहा गिअरच्या शिमानोपेक्षा वेगळं आहे. २०१५ मध्ये ४७०० आली तेव्हा शिमानोने तिला अकराच्या रोड ग्रुपसेटचं माप दिलं. त्यामुळे जुन्या ४६०० टियाग्राचा किंवा ५७०० या दहाच्या १०५ चा मागचा डिरेल्युअर ‘तोही दहाचाच आहे की’ म्हणून लावला तर गिअर कधीच जागेवर पडणार नाहीत. मात्र ५८०० किंवा आर-७००० या अकराच्या १०५ चे डिरेल्युअर तिला चालतात. उद्या सायकल आपटून डिरेल्युअर मोडला तर ही सोय फार कामाची. मागचा डिरेल्युअर घेताना जीएस बघून घ्या. पुढचा फरक ५० वजा ३४ म्हणजे १६, मागचा ३४ वजा ११ म्हणजे २३, बेरीज ३९. एवढी ढिली चेन लांब पिंजराच ओढून धरतो. आखूड पिंजऱ्याला ३४ झेपत नाही.

दुसरी: पुढचा डिरेल्युअर. त्याची केबल बांधायची दांडी लांबलचक, वर उभी. लांब दांडीमुळे डावा लिव्हर ढकलायला हलका जातो, ३४ वरून ५० वर चेन चढवताना मनगट दुखत नाही. पण लावायला तो नखरेल आहे. केबलचा ताण चिमूटभर कमी पडला तर चेन ५० वर चढायला कुरकुरते, जास्त झाला तर ३४ वर घासत राहते. डाव्या लिव्हरला अर्धा खटका असतो, चेन पिंजऱ्याला घासायला लागली की पिंजरा किंचित सरकवण्यासाठी. तो अर्धा खटका नीट सापडेपर्यंत मिस्त्रीला उठू देऊ नका. आमच्या मिस्त्रीने एक दुपार त्यावर घालवली आणि चहा दोनदा मागवला, दोन्ही माझ्या खात्यावर.

क्रँक (पेडल ज्याला जोडतात तो दांडा) घेताना लांबी विचारा. सायकलींवर सरसकट १७० किंवा १७२.५ मिलिमीटरचे क्रँक येतात. टियाग्रात १६५ मिळतो आणि माझ्या उंचीला तोच बरा पडतो; पेडल वर येतं तेव्हा गुडघा पोटात घुसत नाही. मागवावा लागला, थांबावं लागलं, पण थांबण्यासारखं होतं. ब्रेकचे कॅलिपरही लिव्हरबरोबरच घेतले, कारण जुन्या-नव्या मापांची सरमिसळ मला ब्रेकच्या बाबतीत नकोच होती.

रस्त्यावर? केळघरच्या घाटात मेढा मागे पडल्यावर जिथे पूर्वी मी उभी राहून पेडल मारायचे तिथे आता बसून जाते. वेग फारसा वाढलेला नाही, घड्याळ जवळपास तेच दाखवतं. पण वर पोचल्यावर उरलेला दिवस माझा असतो, हा फरक घड्याळ दाखवत नाही. यवतेश्वरला, जिथे साताऱ्याची हिल मॅरेथॉन धावते त्या रस्त्यावर, वळणावर चढ एकदम अंगावर येतो. तिथे जोर लावलेला असतानाही ३० वरून ३४ पडतं, फक्त क्षणभर पाय सैल सोडावा लागतो. खटका स्पष्ट आहे, थोडा कोरडा. भाच्याची १०५ चालवली तर तिचा खटका मऊ लागतो आणि कमी ढकलावं लागतं, हे मान्य. डोळे मिटून दोन्ही ओळखता येतील. पण त्या मऊपणाचे पैसे मी दिले नसते.

तक्रारी आहेत. वजन १०५ पेक्षा काही शे ग्रॅमने जास्त. मला ते कधी कळलं नाही, तुम्हाला कळेल. गिअर कितवा आहे ते दाखवणारी खिडकी लिव्हरवर नाही. माझ्या जुन्या क्लॅरिसवर होती, आणि संध्याकाळी थकल्यावर तिची आठवण येते. केबल आता हँडलच्या टेपखालून जातात. दिसायला स्वच्छ, पण वळण जास्त, आणि आपल्या पावसात कासच्या रस्त्यावरचा लाल चिखल आउटरच्या (केबलच्या बाहेरच्या नळीच्या) टोकातून आत जातो. गिअर आळशी व्हायला लागले की डिरेल्युअरला दोष देण्याआधी मागच्या चाकाजवळचा शेवटचा आउटरचा तुकडा बदलून बघा. बहुतेक वेळा रोग तिथेच असतो. टेपखालून केबल नेणाऱ्या सगळ्याच लिव्हरमध्ये केबल आतल्या वळणावर तुटत जाते, एकेक तार करून. तुटलेलं डोकं आत अडकलं तर ते काढणं म्हणजे नाकातला मणी काढणं. त्यामुळे मी पावसाळा संपला की केबल बदलते, चांगली दिसत असली तरी. स्टेनलेस केबलची किंमत ती काय. चेन मापायची पट्टी घेऊन ठेवा. दहाची चेन ०.७५ टक्के ताणली गेली की बदला, म्हणजे कॅसेट वाचते.

बॅटरीवाल्या गिअरबद्दल मला नेहमी विचारतात. बटण दाबायचं, केबल नाही, चिखल नाही. लहान किंवा संधिवात धरलेल्या हातांसाठी ते खरोखर वरदान आहे आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. स्रॅमच्या डिरेल्युअरची बॅटरी साधारण ६० तास चालते, लिव्हरमध्ये नाण्यासारखे सेल. डिस्कची नवी सायकल घेत असाल आणि पैसे असतील तर जरूर विचार करा. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलवर तेवढे पैसे ओतणं मला पटत नाही. चिनी सेन्सा आणि एल-टू, तैवानची मायक्रोशिफ्ट हेही पर्याय ओळखीचे लोक चालवतात. मायक्रोशिफ्टबद्दल चांगलं ऐकते, पण मी स्वतः कशावरच पुरेशी बसलेली नाही, म्हणून थांबते.

एक लक्षात ठेवा: शिमानो खालच्या पायऱ्या आता क्यूज या नावाखाली आणते आहे, आणि २०२५ मध्ये तिचे ड्रॉप हँडलचे (रोड बाईकच्या खाली वळलेल्या हँडलचे) लिव्हरही आले. क्यूजची चेन आणि कॅसेट लिंकग्लाइड प्रकारची, दाते जाड. तिप्पट टिकतात असा कंपनीचा दावा. माझ्यासारख्या रोजच्या चालवणारीला ते आकर्षक आहे. पण क्यूजचे लिव्हर टियाग्राच्या डिरेल्युअरशी जुळत नाहीत, तेव्हा अर्धं हे अर्धं ते करायला जाऊ नका. टियाग्रा घ्यायची असेल तर लिव्हर, दोन्ही डिरेल्युअर, कॅसेट, चेन असं एकदम घ्या. भाव मुद्दाम लिहीत नाही. मी तीन ठिकाणी विचारले तर तीन आकडे आले आणि पुढच्या महिन्यात तिन्ही बदलले.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी शेवटचं, कारण हे पुण्यातल्या भाच्याच्या बाबतीत परवाच घडलं. त्याला अकराचा अल्टेग्रा क्रँक स्वस्तात मिळत होता. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने जून २०१२ ते जून २०१९ मध्ये बनलेले अकरा गिअरचे अल्टेग्रा आणि ड्यूरा-एसचे चिकटवून जोडलेले क्रँक तपासणीसाठी बोलावले, त्यांचे दोन भाग सुटू शकतात म्हणून. १०५ चे त्यात नाहीत. क्रँकच्या आतल्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरांचा कोड असतो. के-एफ म्हणजे जून २०१२, आर-एफ म्हणजे जून २०१९. भाच्याला म्हटलं, फोटो काढून पाठव. कोड निघाला पी-डी, म्हणजे एप्रिल २०१७. विकणाऱ्याकडे तपासणी झाल्याचा कागद नव्हता, म्हणून तो सोडून दिला. आता भाचा आर-७००० चा ५०-३४ क्रँक शोधतो आहे, १७० मिलिमीटरचा. सातारा-पुण्यात कोणाकडे पडून असेल तर खाली कळवा, भाव वाजवी हवा.